वाढत्या वयातील स्नायू, चाल आणि शरीररचना : वाचकांचे प्रश्न

उतारवयात स्नायूंची घट, चालण्यातला बदल आणि शरीरातली वाढती चरबी यांविषयी वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. अनेक पत्रांचा आशय सारखा असल्यामुळे काही प्रश्न एकत्र केले आहेत. येथील उत्तरे प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे दिली असून, ज्यांना हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असे काही आहे, त्यांनी कोणताही बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

प्रश्न : माझे वय ६९ आहे. चाळिशीपासून माझे वजन ६४ किलोच्या आसपास टिकून आहे आणि प्रकृती सांभाळल्याचे मला समाधान होते. अलीकडच्या तपासणीत मात्र डॉक्टरांनी सांगितले की स्नायू बरेच कमी झाले आहेत आणि चरबी वाढली आहे. वजन बदललेच नाही, तर हे घडले कसे?

उत्तर : वजनकाटा शरीराची एकूण बेरीज दाखवतो. त्या बेरजेत स्नायू किती, हाडे किती, पाणी किती आणि चरबी किती, हे त्यावरून कळत नाही. मध्यम वयानंतर बहुतेकांच्या शरीरात स्नायू हळूहळू घटत जातात आणि त्याच काळात चरबी वाढत जाते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांत शरीर आतून बरेच बदलले, तरी काट्यावरचा आकडा तोच राहू शकतो. आपल्या बाबतीत असेच झालेले दिसते.

ही घट केवढी असते याचे एक स्पष्ट चित्र १९८८ साली स्वीडनमधील यान लेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. हयातीत निरोगी असलेल्या, १५ ते ८३ वर्षे वयाच्या ४३ पुरुषांच्या शवविच्छेदनात त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा संपूर्ण स्नायू आडवा कापून त्यातील तंतू तपासले. विशीपासून ऐंशीपर्यंत या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते, आणि या घटीची सुरुवात पंचविशीच्या आसपासच, अगदी नकळत होते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे तंतू केवळ बारीक झाले नव्हते, त्यांची संख्याच घटली होती. जे बारीक झाले होते त्यांत मुख्यतः जलद आकुंचन पावणारे तंतू होते, म्हणजे ठेच लागताच तोल सावरण्यासाठी किंवा खुर्चीतून झटकन उठण्यासाठी ज्यांची गरज लागते नेमके तेच.

तंतूंची संख्या घटण्यामागे मज्जासंस्थेचाही वाटा आहे. स्नायूतील तंतूंचा प्रत्येक गट मज्जारज्जूतील एका चेतापेशीच्या हुकमतीखाली असतो. वयानुसार अशा काही पेशी नष्ट होतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. शेजारच्या पेशी त्यांपैकी काहींना आपल्या शाखा पाठवून सामावून घेतात. ज्यांच्यापर्यंत कोणतीच शाखा पोहोचत नाही ते तंतू सुकून जातात. म्हणूनच उतारवयातील अशक्तपणा हा जितका स्नायूंचा तितकाच नसांचा प्रश्न आहे, आणि तो निव्वळ आहाराने सुटेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

रिकाम्या होणाऱ्या जागेत काय भरते, याचे उत्तर अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि मेम्फिस येथे १९९७ साली सुरू झालेल्या ‘हेल्थ एबीसी’ या दीर्घ अभ्यासातून मिळाले. त्यात ७० ते ७९ वर्षे वयाच्या ३,०७५ स्त्रीपुरुषांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. मांडीच्या सीटी स्कॅनमध्ये पाच वर्षांच्या अंतराने असे दिसले की एका स्नायूच्या आणि दुसऱ्याच्या मधल्या जागेत साठणारी चरबी वाढली होती. ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात तर ती वाढलीच होती, पण ज्यांचे वजन स्थिर राहिले किंवा उतरले त्यांच्यातही वाढली होती.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांच्या काळात पायांतील स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटत होते, तर गुडघा सरळ करण्याची ताकद त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने. ज्यांच्या स्नायूंचे वस्तुमान टिकून होते, किंबहुना थोडे वाढलेही होते, त्यांचीही ताकद कमी झालीच. पुढे २००६ साली याच गटातील मृत्यूंचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मांडीची आणि मुठीची ताकद कमी असणाऱ्यांना धोका जास्त असल्याचे दिसले. स्नायू किती किलो आहेत यावरून मात्र तसा अंदाज बांधता आला नाही. तेव्हा स्नायू ‘कमी’ आहेत हे ऐकून आपण घाबरून जाऊ नये. ते स्नायू काय काम करू शकतात हे आधी पाहावे.

ते पाहण्याची सोपी रीत अशी. नेहमीच्या उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी करून बसावे आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे; पाचव्यांदा उभे राहीपर्यंतचा वेळ मोजावा. सार्कोपेनियासाठी, म्हणजे वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या आणि ताकदीच्या घटीसाठी, आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली सुधारित निकष ठरवले. त्यांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल तर पुढील तपासणी करून घ्यावी. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर वेळ मोजण्याची गरज उरत नाही. तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : व्यायामशाळेतील यंत्रावर उभे राहिल्यावर स्नायूंचे आणि चरबीचे प्रमाण छापून मिळते. एकाच आठवड्यात मला स्नायूंचे दोन वेगळे आकडे मिळाले, त्यांत जवळपास दोन किलोंचा फरक होता. यांतला कोणता खरा मानावा?

उत्तर : दोन्ही आकडे अंदाज आहेत. हे यंत्र शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडते आणि त्याला होणारा विरोध मोजते. स्नायूंत पाणी भरपूर असल्यामुळे प्रवाह त्यांतून सहज जातो, चरबीतून तितका सहज जात नाही, आणि या फरकावरून सूत्राने स्नायूंचे प्रमाण काढले जाते. साहजिकच आपण नुकतेच पाणी प्यायला आहात का, घाम गाळून आला आहात का, पायांवर सूज आहे का, यांवर आकडा बदलतो. तुलना करायचीच असेल तर तेच यंत्र, दिवसाची तीच वेळ आणि तीच पूर्वतयारी ठेवावी, आणि दोन मापनांत आठवड्यांचे नव्हे, काही महिन्यांचे अंतर ठेवावे.

हाडांची घनता मोजण्यासाठी वापरले जाणारे डेक्सा हे क्ष-किरणांचे तंत्र याहून भरवशाचे आहे, तरी तेही स्नायू थेट मोजत नाही. चरबी आणि हाडे वगळून जे उरते ते सारे त्यात एकत्र धरले जाते, म्हणजे अवयव, पाणी आणि संयोजी ऊतीसुद्धा. अलीकडे एक वेगळी पद्धत पुढे आली आहे. तीत खूण केलेल्या क्रिएटिनची छोटी मात्रा पोटात घेतली जाते आणि नंतर लघवीच्या तपासणीवरून शरीरातील स्नायूंचे एकूण वस्तुमान काढले जाते. शरीरातील बहुतेक सर्व क्रिएटिन स्नायूंतच असल्यामुळे हे शक्य होते. वयस्क पुरुषांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात या पद्धतीने मोजलेल्या कमी स्नायूंचा संबंध पडण्याशी आणि हालचालीच्या अडचणींशी स्पष्टपणे आढळला, तर डेक्साच्या आकड्याशी तो तसा आढळला नाही. स्नायूंचे वस्तुमान महत्त्वाचे नाही असा जो निष्कर्ष आधीच्या अभ्यासांवरून काढला जात होता, त्याचा काही भाग सदोष मापनामुळे असावा असे म्हणण्यास यामुळे जागा आहे, आणि संशोधकांत यावर अजून चर्चा चालू आहे.

निदानाच्या बाबतीत मात्र दिशा ठरली आहे. युरोपीय तज्ज्ञगटाने २०१८ साली आपले निकष बदलताना ताकदीला पहिले स्थान दिले : ताकद कमी असेल तर सार्कोपेनियाची शक्यता धरून उपाय सुरू करावेत, स्नायूंच्या मापनाने त्याची खातरजमा करावी आणि चालण्यासारख्या क्रियांवरून तीव्रता ठरवावी. मुठीची पकड मोजण्याचे साधे उपकरण त्यासाठी पुरते. आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही क्षीण मानली जाते. घरी नुसती मोजपट्टी असेल तर पोटरीचा सर्वांत रुंद भागाचा घेर मोजावा. पुरुषांत तो ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तपासणीचा विचार करावा. पायांवर सूज असल्यास किंवा शरीर स्थूल असल्यास हे माप फसवे ठरते, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना विशेष आजार नाही, पण गेल्या दोन वर्षांत त्यांचे चालणे फार सावकाश झाले आहे. सोबत चालताना आपण काही विचारले की ते थांबतात, उत्तर देतात आणि मग पुढे निघतात. घरातले म्हणतात की वयामुळे असे होणारच. काळजी करण्यासारखे काही आहे का?

उत्तर : आपण जे पाहिले आहे ते नेमके आहे आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. चालणे ही आपल्याला सहज वाटणारी क्रिया असली, तरी तिच्यासाठी मेंदू, मज्जारज्जू, डोळे, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा, हृदय, फुप्फुसे, सांधे आणि स्नायू या सर्वांना एकाच वेळी आपापले काम चोख करावे लागते. यांपैकी कोठेही उणीव निर्माण झाली की तिचा परिणाम चालीवर उमटतो. म्हणूनच चालण्याचा वेग हे प्रकृतीचे एक आश्चर्यकारकपणे बोलके माप ठरले आहे. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नऊ दीर्घ अभ्यासांतील ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती एकत्र केली. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने जास्त असला की मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी, असे प्रमाण त्यांना सातत्याने दिसले. वय, लिंग आणि चालण्याचा वेग एवढ्या तीन गोष्टींवरून आयुर्मानाचा जो अंदाज येत होता, तो रक्तदाब, धूम्रपान, जुने आजार आणि रुग्णालयातील भरती यांची सारी माहिती जोडून केलेल्या अंदाजाइतकाच अचूक होता. इतका साधा आकडा साठीपुढील प्रत्येक व्यक्तीच्या तपासणीत रक्तदाबाच्या बरोबरीने नोंदवला जावा, असे माझे ठाम मत आहे, आणि अजूनही तो क्वचितच नोंदवला जातो याचे मला वाईट वाटते.

वडिलांचा वेग आपल्याला घरीच मोजता येईल. सपाट जागी ४ मीटरचे अंतर आखावे, त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन मीटर मोकळी जागा सोडावी, म्हणजे वेग घेण्याचा आणि थांबण्याचा काळ मोजणीत येणार नाही. त्यांना नेहमीच्या गतीने चालू द्यावे, ‘भरभर चाला’ असे सांगू नये. ४ मीटरला ४ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर होतो आणि ५ सेकंद लागले तर ०.८ मीटर. आशियाई निकषांत १ मीटरपेक्षा कमी वेग मंद मानला आहे, तर युरोपीय निकषांत ०.८ किंवा त्याहून कमी. एका मापनापेक्षा त्यातील बदल अधिक सांगतो. सेकंदाला ०.०५ मीटरचा फरक लहान पण अर्थपूर्ण, आणि ०.१ मीटरचा फरक ठळक समजला जातो. दर सहा महिन्यांनी हाच आकडा वहीत लिहून ठेवला तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होईल.

बोलताना थांबण्याविषयी आपण लिहिले आहे, त्याचाही स्वतंत्र अभ्यास झाला आहे. स्वीडनमधील एका वृद्धनिवासातील ५८ व्यक्तींचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण असे होते की, चालताना संभाषण सुरू केल्यावर १२ जण थांबले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. तरुणपणी चालण्याकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही; पायांची ताकद, संवेदना किंवा तोल कमी झाला की मेंदूला प्रत्येक पावलाकडे लक्ष पुरवावे लागते आणि मग बोलण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नाही. जो प्रामुख्याने स्नायूंनी करायचा तो व्यवहार मेंदू सांभाळू लागलेला असतो. पावलांच्या वेळेत अनियमितपणा येणे, म्हणजे एक पाऊल लवकर आणि दुसरे उशिरा पडणे, हेही पडण्याच्या धोक्याचे लक्षण म्हणून ओळखले जाते. मंद चालीबरोबर स्मरणशक्तीची तक्रारही असेल तर त्या जोडीकडे अधिक गंभीरपणे पाहावे लागते. न्यूयॉर्कमधील ज्यो व्हर्गीज यांनी २०१३ साली अशा व्यक्तींचा वेगळा गट वर्णन केला आणि त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले.

वयाबरोबर चालीत येणारे काही बदल नेहमीचे असतात. पावले आखूड होतात आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो. तरुण माणूस टाच उचलताना पोटरीच्या जोराने शरीर पुढे ढकलतो. वृद्धांत हा जोर कमी पडतो आणि त्याची भरपाई नितंबाच्या स्नायूंना करावी लागते, त्यामुळे तेवढेच अंतर चालण्यास जास्त श्रम पडतात. परंतु दोन वर्षांत इतका फरक पडला असेल तर ‘वय झाले’ एवढ्यावर थांबू नये. पायांच्या नसांचे विकार, कंपवात, दृष्टिदोष, गुडघ्यांची झीज, हृदयाची दुर्बलता, उभे राहताच उतरणारा रक्तदाब, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, खिन्नता, एकदा पडल्यानंतर बसलेली भीती, यांतले एक किंवा अनेक कारण असू शकते आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपाय आहेत. वडील रोज घेत असलेल्या सर्व गोळ्या सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवाव्यात. चालीतला बदल काही दिवसांतच झाला असता, किंवा एकाच बाजूचा पाय ओढला जात असता, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागले असते.

प्रश्न : मी ७२ वर्षांची असून गेली अनेक वर्षे रोज एक तास चालते. मुलगी म्हणते की वजने उचलण्याचा व्यायामही करायला हवा. चालणे पुरेसे नाही का? आणि या वयात वजने उचलून काही मिळते का?

उत्तर : रोजचे चालणे मुळीच सोडू नका. हृदय, रक्तातील साखर, मनःस्थिती आणि झोप यांसाठी त्याची किंमत मोठी आहे. परंतु चालताना मांडीच्या स्नायूंवर त्यांच्या क्षमतेच्या मानाने फारच थोडा भार येतो, आणि स्नायू जो भार नेहमी पेलतात तेवढ्यापुरतेच तयार राहतात. वर्षानुवर्षे नेमाने चालणाऱ्यांचीही ताकद वयानुसार घटते ती यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबरच, किमान २ दिवस प्रमुख स्नायूगटांचे ताकदीचे व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल व ताकद दोन्हींचा समावेश असलेले व्यायाम सांगितले आहेत. आपल्या मुलीचे म्हणणे याला धरूनच आहे.

या वयात काही मिळते का, या प्रश्नाचे उत्तर देताना मारिया फियातारोने यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा उल्लेख करायलाच हवा. त्यांनी वृद्धनिवासातील सरासरी ९० वर्षे वयाच्या १० दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी भरपूर वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली दिला. तोपर्यंत अशा वयात एवढा भार देणे धोक्याचे समजले जात असे. व्यायाम पूर्ण केलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. मांडीच्या मधल्या भागातील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ९ टक्केच वाढले. या दोन आकड्यांतली तफावत नीट पाहावी : ताकद एवढी वाढली ती मुख्यतः मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना अधिक पूर्णपणे कामाला लावू लागली म्हणून. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत मांड्या भरल्यासारख्या दिसल्या नाहीत तरी निराश होण्याचे कारण नाही. उठणे-बसणे सोपे होते ते आधी जाणवते. चार वर्षांनी त्यांनीच १०० व्यक्तींवर दहा आठवड्यांची मोठी चाचणी केली. तीत ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी वाढला. त्याच चाचणीत व्यायामाशिवाय नुसते पोषक पेय दिलेल्यांना असा लाभ झाला नाही.

हा लाभ टिकतो का, याचेही उत्तर मिळू लागले आहे. डेन्मार्कमधील निवृत्तीच्या वयातील ४५१ व्यक्तींच्या चाचणीत एका गटाने वर्षभर भारी वजनांचा व्यायाम केला. चाचणी सुरू झाल्यापासून चार वर्षांनी त्यांच्या पायांची ताकद मूळ पातळीवर टिकून होती, तर इतर गटांची घटली होती. आणि ताकदीचा, तोलाचा व चालण्याचा मेळ घालणारा कार्यक्रम नेमाने केला तर काय होते, हे अमेरिकेतील ‘लाइफ’ चाचणीने २०१४ साली दाखवले : ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ व्यक्तींत सरासरी २.६ वर्षांच्या काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण आरोग्यविषयक वर्गांना बसलेल्या गटात ३५.५ टक्के होते, तर व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, परंतु ४०० मीटर चालता येणे म्हणजे कोणाची सोबत न घेता घराबाहेर पडता येणे, आणि शंभरांतील पाच जणांसाठी ते टिकणे मी मोठी गोष्ट समजतो.

प्रत्यक्षात आपण असे करावे. पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या किंवा जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली खुर्चीतून उठणे, पायरीवर चढउतार, टाचा उचलणे, भिंतीला हात लावून ढकलणे आणि पट्टा किंवा वजन ओढणे अशा पाच-सहा हालचाली शिकून घ्याव्यात. भार असा असावा की ८ ते १२ वेळा करता येईल आणि शेवटच्या दोन वेळा खरोखर कष्ट पडतील. सहज जमू लागले की भार थोडा वाढवावा; हे वाढवणे राहून गेले तर प्रगतीही थांबते, आणि बहुतेकांचा व्यायाम येथेच फसतो. एकाच स्नायूगटाला दोन सत्रांमध्ये एक दिवस विश्रांती द्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी भार उचलताना श्वास कोंडून धरू नये, उचलताना तो सोडावा. गुडघ्यांची झीज असेल तर घाबरून मांडीचे व्यायाम टाळणे उलट अपायकारक ठरते, कारण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचे दुखणे कमी होते. व्यायामानंतर थोडे ठणकले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले तर चालेल. सांध्यावर सूज आली तर भार कमी करावा. छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा नुकतीच डोळ्यांची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये.

प्रश्न : प्रथिनांची पावडर घेतली तर स्नायू टिकतील का? ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे इंजेक्शनही काही जण सुचवतात.

उत्तर : वयस्क स्नायूंना प्रथिनांचा तोच घास तरुण स्नायूंइतका लागू पडत नाही, त्यांना उभारणीचा संदेश मिळण्यासाठी जास्त मात्रा लागते. म्हणून प्रौढांसाठी सांगितलेल्या दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम या प्रमाणाऐवजी, २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सुचवले, आणि आजारपणात त्याहूनही थोडे अधिक. ६० किलोच्या व्यक्तीला हे ६० ते ७२ ग्रॅम होतात. ते एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागून घेतलेले बरे. रोजच्या आहारातून एवढे जात असेल तर पावडरीची गरज नाही. भूक मंदावलेली असेल तर ती सोय म्हणून उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असून डायलिसिस सुरू नसेल, तर हा वाढीव सल्ला लागू होत नाही. व्यायामाशिवाय नुसत्या पोषक पेयाचा काय परिणाम दिसला हे वर आलेच आहे.

ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत आढळली तर ती भरून काढावी. मोठ्या मात्रेपासून मात्र दूर राहावे. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले, तेव्हा पडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे १५ टक्क्यांनी वाढले.

प्रश्न : आई ७० वर्षांची असून बरीच स्थूल आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले आहे. पण वजनाबरोबर स्नायूही जातील का?

उत्तर : जातील, आणि ते किती जातील हे वजन कोणत्या मार्गाने उतरवले यावर अवलंबून आहे. डेनिस व्हिलारिअल यांच्या २०१७ सालच्या चाचणीत स्थूल वयस्कांच्या तीन गटांनी आहारनियंत्रणाबरोबर वेगवेगळा व्यायाम केला. चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वस्तुमान ५ टक्क्यांनी घटले, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे २ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी. हालचालींच्या चाचणीत सर्वाधिक सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत दिसली. तेव्हा आईंनी वजन उतरवण्याच्या आधीच ताकदीचा व्यायाम सुरू करावा आणि उपाशी राहण्याचा मार्ग घेऊ नये. भूक कमी करणारी नवी इंजेक्शने सुचवली गेली असतील तर हीच काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांनी उतरणाऱ्या वजनाचा बराचसा भाग चरबीविरहित असू शकतो. कोणताही प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर ते समाधानाचे नसून तपासणीचे कारण आहे.

प्रश्न : सासूबाई न्यूमोनियामुळे दहा दिवस रुग्णालयात होत्या. आजार बरा झाला, पण आता त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही. आधी त्या स्वतःची सगळी कामे करत असत. हे भरून येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येऊ शकते, मात्र त्यासाठी आता वाट पाहू नये. अंथरुणावर पडून राहण्याने वृद्धांचे किती नुकसान होते, हे २००७ सालच्या एका प्रयोगात दिसले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्ती स्वेच्छेने केवळ दहा दिवस अंथरुणात राहिल्या आणि त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो चरबीविरहित वस्तुमान गेले. या व्यक्ती निरोगी होत्या. सासूबाईंच्या बाबतीत त्यावर ताप, शरीरातील दाह आणि मंदावलेली भूक यांची भर पडली असणार.

याला उपाय आहे, आणि तो रुग्णालयातही शक्य आहे, हे स्पेनमधील पाम्प्लोना येथील चाचणीने २०१९ साली सिद्ध केले. तीव्र आजारामुळे भरती झालेल्या, सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३७० रुग्णांपैकी एका गटाला साधारण पाच ते सात दिवस सकाळ-संध्याकाळ सुमारे वीस मिनिटांचा ताकदीचा, तोलाचा आणि चालण्याचा व्यायाम दिला गेला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांची हालचाल आणि स्वावलंबन भरतीच्या काळात खालावले. व्यायाम केलेल्यांत ही घसरण थांबली, उलट चालणे-उठणे भरतीच्या वेळेपेक्षा सुधारले.

सासूबाईंसाठी फिजिओथेरपिस्टला घरी बोलावता आले तर उत्तम. सुरुवात खुर्चीवर उशी ठेवून, तिची उंची वाढवून, हातांच्या आधाराने उठण्यापासून करावी. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी जमेल तेवढे. उठणे सोपे झाले की उशी काढावी, मग एका हाताचा आधार सोडावा, मग दुसऱ्याचा. जेवण अंथरुणात न देता खुर्चीत बसून द्यावे आणि स्वच्छतागृहापर्यंत त्यांना धरून का होईना, चालवत न्यावे. मायेपोटी घरातील माणसे त्यांचे प्रत्येक काम हातातून काढून घेतात, त्याने स्नायूंना मिळणारा उरलासुरला भारही जातो. पाच वेळा उठण्याचा वेळ आणि ४ मीटर चालण्याचा वेळ दर पंधरवड्याने लिहून ठेवावा. दीड-दोन महिन्यांत या आकड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, चालू औषधे आणि मनाची खिन्नता या गोष्टी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्याव्यात.